मागं बसलेली मंडळी

आमच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मी दाढी करायला बसत असे. दाढी होई, आंघोळ होई, बायकोचा, म्हणजे शहजादीचा, चहा होई, कप विसळून पालथा घातला जाई, आणि पडद्यावरचं वाळूचं घड्याळ अजून फिरतच असे. शेजारचे हौसराव आप्पा एकदा म्हणाले होते, की एवढ्या वेळात म्हैस व्याली असती आणि खरवसही झाला असता. आप्पांचं बोलणं बऱ्याचदा खरं असतं, म्हणूनच ते जास्त लागतं.

एरवी मी मनावर घेतलं नसतं. शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेल्या माणसाला सावकाश चालणाऱ्या गोष्टींचा राग येऊन भागत नाही. पण आमची लुबना बहारीनला होती, तिला मुलगा झाला होता, आणि माझा पहिला नातू मला अजून धड दिसला नव्हता. शिरूरला ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. दर शुक्रवारी ती तिकडे कॅमेऱ्यासमोर बसायची आणि इकडे आमच्या पडद्यावर काही चौकोन उमटायचे. त्यातला गुलाबी चौकोन म्हणजे नातू, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. "बघा अब्बा, जांभई देतोय," असं ती म्हणायची, आणि ती जांभई शिरूरला पोचेपर्यंत पोरगं गाढ झोपून गेलेलं असायचं.

त्यात अकीक्याचा दिवस ठरला. अकीका म्हणजे आमच्यात बाळाचं जावळ काढतात तो दिवस. तो सातव्या दिवशीच व्हायचा, पण जावयाला सुट्टी मिळेना म्हणून लांबला आणि येत्या शुक्रवारी, त्यांच्याकडच्या जुम्म्याच्या नमाजनंतर करायचं ठरलं. मला हे जावळ डोक्यावर असताना बघायचं होतं. एकदा वस्तरा फिरला की संपलं.

याला कारण होतं. लुबना फोनवर म्हणाली होती, की बाळाचे केस कुरळे आहेत. आता, तरुणपणी माझे केस कुरळे होते. आज याला पुरावा नाही. त्या काळातला एकच फोटो आहे आणि त्यात मी टोपी घातली आहे. शहजादीचं म्हणणं असं, की निकाहाच्या दिवशी तिने सेहरा पाहिला, सेहऱ्याखाली टोपी पाहिली, आणि टोपीखाली पाहण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. बाळाचे केस कुरळे असलेच तर ते तिच्या दौंडच्या मामांवर गेलेत. हे मामा मी पाहिलेले आहेत. त्यांचे केस कुरळे नाहीत, नुसते विस्कटलेले आहेत.

घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो, पण भांडण मराठीत करतो, म्हणजे शेजाऱ्यांना साक्षीला बोलावता येतं. त्यामुळे केसांचा हा वाद सगळ्या गल्लीला ठाऊक होता, आणि हौसराव आप्पांच्या रतनबाईंनी काहीएक न पाहता शहजादीच्या बाजूने निकालही दिला होता. मला दुसरं काही नको होतं. फक्त शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत, ते केस स्वच्छ दिसायला हवे होते. खरं सांगायचं तर केस हे निमित्त होतं. पोराला मांडीवर घेता येत नाही, निदान त्याचं तोंड तरी बघावं, एवढ्यासाठी जीव वरखाली होत होता. मी दारापासून मोरीपर्यंत येरझारा घालत होतो आणि शहजादी मला एका जागी बसायला सांगत होती.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा पडला नाही. आप्पांच्या मते त्याला ऊन बाधलं होतं, म्हणून दोन दिवस तो माठाशेजारी ठेवला. समोरचे कोंडिबा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले की धूळ बसली असेल. त्यांनी स्वतः सायकलचा पंप आणून आत हवा मारली आणि निघालेली सगळी धूळ माझ्या कपाटातल्या सदऱ्यांवर बसली. बचत गटाच्या साखरबाईंनी पडद्याच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधली. नंतर मिरची वाळली, लिंबू काळं पडलं, वाळूचं घड्याळ होतं तसंच राहिलं.

शेवटी मी कॉम्प्युटरचा डबा शहजादीच्या वाकळेत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि दौंडच्या एसटीत बसलो. दौंडला स्टेशनाजवळ माझा मेहुणा इम्रान याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या म्हातारीने वाकळेकडे बघून आवाज खाली आणला आणि लेकरू निजलंय व्हय, असं विचारलं. मी हो म्हणालो, कारण सगळं सांगत बसायची माझी मनःस्थिती नव्हती. न्हावऱ्याच्या पुढे कंडक्टर आला तेव्हा एका गतिरोधकावर वाकळ सरकली आणि लेकराची बटणं दिसली. म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. कंडक्टरने लगेच लगेजचं तिकीट फाडायला घेतलं. मी म्हणालो, मांडीवर आहे, जागा अडवत नाही. तो म्हणाला, मांडीवरच्या पोराला माफी आहे, यंत्राला नाही, आणि हे सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. तीस वर्षं लोकांना नियम दाखवलेल्या माझ्यावर भर एसटीत ही वेळ यावी, याचं वाईट वाटलं.

इम्रानने डबा जोडला, सुरू केला, थोडा वेळ बघितला आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. मेहुण्याचं हसणं नेहमीच खटकतं.

"दुल्हेभाई," तो म्हणाला, "मशीन ठणठणीत हाय. मागं मंडळी लई बसल्यात."

मग त्याने समजावून सांगितलं. कॉम्प्युटर सुरू झाला की आपण न बोलावता काही प्रोग्राम आपोआप सुरू होतात आणि मागे बसून राहतात. दिसत नाहीत, पण प्रत्येक जण थोडी थोडी जागा खातो, आणि मग कामाच्या प्रोग्रामला पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याने पडद्यावर त्यांची यादी उघडून दाखवली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती. खूण काढली, की पुढच्या वेळी तो प्रोग्राम आपण होऊन सुरू व्हायचा नाही. एवढंच काम होतं. इम्रानने माऊसवर हात ठेवला, आणि मी तो हात धरला.

धरायलाच हवा होता. गल्लीत कॉम्प्युटर एकट्या माझ्याकडे, त्यामुळे ज्याला जे लागे ते त्याने माझ्या कॉम्प्युटरात आणून ठेवलेलं होतं. आप्पांचं पंचांग होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ते घंटा वाजवून तिथी सांगे, आणि आप्पा रोज सकाळी दारात उभे राहून ती ऐकून मगच मळ्यात जात. साखरबाईंचं मराठी टायपिंग होतं, बचत गटाचे अर्ज त्यावर होत. कोंडिबा गुरुजींनी कधीकाळी आपला प्रिंटर माझ्याकडे ठेवला होता. तो पुढे भाच्याला दिला, पण प्रिंटरचा कारभारी माझ्याकडेच राहिला, आणि तो रोज सकाळी प्रिंटर सापडत नसल्याची तक्रार करी. शहजादीची शिट्टी होती. तिचे वडील रेल्वेत, तिचं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं. इम्रानने तिला असा प्रोग्राम घालून दिला होता, की दौंडहून मोठी गाडी सुटायच्या वेळेला आमच्या घरात शिट्टी वाजे. शिरूरला रेल्वे नाही. नवीन पाहुणा दचकून चहा सांडत असे. पण शिट्टी वाजली की शहजादी हातातलं काम थांबवून क्षणभर दौंडला जाऊन येई.

आणि एक माझा होता. मला मुतखड्याचा त्रास, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं. म्हणून दर तासाच्या ठोक्याला सगळ्या पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत "रहीमभाई, पाणी प्या" असं यायचं. पूर्वी मी ते पाणी न पिताच बंद करायचो, म्हणून मीच इम्रानला सांगून अशी सोय करून घेतली होती, की काही केल्या ते लवकर जाऊ नये.

तर ही सगळी मंडळी मी दौंडला बसून परस्पर कशी उठवणार? आमच्या गल्लीत पाऊस आला तरी दुसऱ्याचं वाळत घातलेलं धुणं न विचारता काढत नाहीत, आधी हाक मारतात. इम्रानला हे पटलं नाही. तो म्हणाला, विचारून काढा, पण जे काढाल ते नीट बघून काढा, आणि आपाची, म्हणजे त्याच्या बहिणीची, शिट्टी तेवढी राहू द्या.

शिरूरला आल्यावर मी घरोघर गेलो. आप्पा म्हणाले, माझं काही म्हणणं नाही, पंचांग तेवढं ठेवा आणि बाकीच्यांचं काढा. साखरबाई म्हणाल्या, टायपिंग तेवढं ठेवा आणि बाकीच्यांचं काढा. गुरुजींनी आधी माझ्या निर्णयाचं कौतुक केलं, मग म्हणाले की प्रिंटर उद्या भाच्याकडून परत आला आणि त्याचा कारभारी जागेवर नसला तर काय करायचं. शहजादीला मी विचारलंच नाही. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी दुसऱ्या खोलीत गेलो.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे बैठक बसली. अध्यक्ष अर्थातच कोंडिबा गुरुजी. ठरलं असं, की मी यादी वाचायची आणि प्रत्येक नावाला गुरुजींनी विचारायचं, हा कुणाचा. "ज्याचा धनी हाय त्याचा मागनं इचार करू," आप्पांनी तोड काढली, "ज्याला धनी न्हाई तो आधी काढा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते न्यायाचं वाटलं. पंचांग आलं, आप्पांनी हात वर केला. टायपिंग आलं, साखरबाईंनी पदर सावरून हात वर केला. शिट्टीला स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. मग इंग्रजीतली काही लांबलचक, ओळख नसलेली नावं आली. हा कुणाचा? कुणाचाच नाही. हा? कुणी बोलेना. बेवारस म्हणून गुरुजी हुकूम देत गेले आणि मी खुणा काढत गेलो. पाण्याच्या प्रोग्रामचं नाव आलं तेव्हा मी हळूच, हे वैद्यकीय आहे, असं म्हणून पुढचं नाव वाचलं.

बंद करून पुन्हा सुरू केला तर काय सांगू. शहजादीने चहाचं आधण ठेवलं, त्याला उकळी यायच्या आत कॉम्प्युटर तयार. वाळूचं घड्याळ दिसलं न दिसलं. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गुरुजींनी एकमताने काम केल्यास काय होऊ शकतं यावर थोडं भाषण केलं. यंत्राला नजर लागू नये म्हणून मी ते तिथंच बंद करून त्यावर कपडा टाकला. तो काढून एकदा कॅमेरा लावून बघावा, एवढी अक्कल त्या आनंदात कुणालाही सुचली नाही.

शुक्रवारी दुपारी नमाज पढून आलो तर घर भरलेलं होतं. जावळ आप्पांच्याकडेही काढतात, त्यामुळे रतनबाई नवं झबलं आणि टोपडं घेऊन आल्या होत्या. ते बहारीनला कसं पोचणार हा विचार त्यांनी केला नव्हता आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. मी कपडा काढला, बटण दाबलं. घंटा वाजायची ती वाजली नाही, पण पंचांगाने तिथी दाखवली. प्रिंटरच्या कारभाऱ्याने तक्रार केली. गाडी सुटल्याची सूचना आली, बिनशिट्टीची. आणि त्यापुढे काहीच झालं नाही. इंटरनेट जोडलं जाईना. कॅमेऱ्याचा दिवा लागेना. आवाज तर गेलेलाच होता.

इम्रानला फोन लावला. त्याने विचारलं, काय काय काढलं. मी म्हणालो, ज्यांचं कुणी नव्हतं ते. पलीकडे दौंडची गाडी शिट्टी मारत गेली.

"दुल्हेभाई," तो म्हणाला, "ज्यांचं कुणी न्हाई तीच कामाची व्हती."

इंटरनेट जोडणारा, कॅमेरा जागा ठेवणारा, आवाज देणारा, यातल्या एकाच्याही बाजूने आमच्या बैठकीत बोलायला कुणी नव्हतं. हात वर करणारे सगळे राहिले आणि राबणारे तेवढे गेले. इम्रान म्हणाला, त्यांच्या खुणा परत करा, पण मग बाकीची मंडळी उठवावीच लागतील. नाहीतर चौकोन आहेतच.

तेवढ्यात माझ्या मोबाईलवर लुबना. मागे पाहुण्यांचा गलका होता. "अब्बा, नाई आलाय, त्याला अजून दोन घरी जायचंय. थांबवू का?" मी म्हणालो, थांबव. ती म्हणाली, किती वेळ. मी मोबाईल कानाला लावून दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत गेलो, आणि पहिल्यांदाच शहजादी मला बसा म्हणाली नाही.

आधी साखरबाई उठल्या. म्हणाल्या, अर्ज हाताने लिहू, काढा माझं. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि पंचांग काढायला मान डोलावली. गुरुजींना सगळ्यात जड गेलं. जो प्रिंटर घरात नाही त्याचा कारभारी सोडताना त्यांचा आवाज खरोखर बदलला. मग सगळे शहजादीकडे बघायचं टाळू लागले. ती पुढे आली, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं.

"काढा ती शिट्टी," ती म्हणाली. "दौंड काय, यश्टीनं जाता येतं."

मी खूण काढली. ती काढताना मला फार वाईट वाटलं. निकाहानंतर इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी थोड्या, आणि त्यातली एक मीच बंद करत होतो. यादीत शेवटी माझं पाणी राहिलं होतं. त्याचं कुणाच्या लक्षात नव्हतं. मी मनाशी म्हणालो, तासातून एकदा दोन शब्द दाखवतं बिचारं, त्याचं ओझं ते किती. आणि तब्येतीशी खेळू नये.

बेवारसांच्या खुणा परत केल्या, कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला. घंटा नाही, तक्रार नाही, तिथी नाही. कॅमेऱ्याचा दिवा लागला. आणि पडद्यावर आमची लुबना आली, चौकोनांशिवाय. नाकातली चमकी दिसली, डोळ्यांखालचं जागरण दिसलं. पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"अब्बा, नाई थांबेना हो," ती म्हणाली. "आत्ताच झालं. पण केस ताटात आहेत. दाखवते. कुरळे आहेत, अम्मीला म्हणावं बघ."

शहजादीने चष्मा डोळ्यांवर चढवला. रतनबाई पुढे सरकल्या. मी मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, कारण असे प्रसंग आयुष्यात पुन्हा येत नाहीत. लुबनाच्या नणंदेने ताट उचललं, कॅमेऱ्याकडे आणलं, ताटाची कड दिसली, ताटातलं काळं काहीतरी दिसायला लागलं, आणि सगळा पडदा निळा झाला.

रहीमभाई, पाणी प्या.

मी माऊस दाबला. पुन्हा दाबला. कीबोर्डवर जेवढी बटणं होती तेवढी दाबली. पण ते लवकर जाऊ नये याची सोय मीच करून घेतलेली होती. गुरुजींनी फक्त, हा कुणाचा, असं विचारलं.

निळं गेलं तेव्हा ताटही गेलं होतं. केसांच्या वजनाएवढी चांदी दान करायची असते, म्हणून जावयाने ते तोलायला नेलं होतं. ताटाच्या जागी लुबनाने बाळाला धरलं होतं. गुळगुळीत डोकं, वर दिव्याची तिरीप, कपाळाला आठ्या, आणि सगळ्या जगाने आपल्यावर अन्याय केल्यासारखा चेहरा. त्याने एक मूठ उचलून डोक्याला लावली. माझाही हात त्याच वेळी माझ्या डोक्यावर होता, तो मी खाली घेतला, पण उशीर झाला होता.

"आगं बया," रतनबाई म्हणाल्या, "ह्ये तर रहीमभाईच ल्हान झाल्यात."

आप्पा आधी हसले, मग साखरबाई, मग गुरुजी, आणि तिकडे बहारीनमध्येही ते ऐकू गेलं असावं, कारण लुबनाही हसायला लागली. बाळ हसलं नाही. ते आठ्या घालून सरळ माझ्याकडे बघत होतं. शहजादी पडद्याच्या इतकी जवळ गेली होती, की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

"केसांचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "डोकं तुमचंच हाय."

असा निकाल माझ्या बाजूने आमच्या घरात कधी लागला नव्हता. मी यावर काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. लुबना तिकडून म्हणत होती, "अब्बा, बोला ना त्याच्याशी. ऐकतोय तो." मी तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. डोळ्यांपुढे पुन्हा सगळे चौकोन झाले होते, आणि या वेळी कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता.

रतनबाईंनी माठातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"प्या," त्या म्हणाल्या. "मगाधरनं सांगतोय त्यो."

नातवाच्या देखत मी पाणी प्यालो.